घरी सगळं ठीक

नववी-दहावीत शाळा बदलायची नाही, हे आम्ही मुलगी सातवीत असतानाच ठरवलं होतं. नववीत बोर्डाकडे नाव नोंदवलं जातं. त्यानंतर दुसरीकडे जायचं म्हणजे अर्ज, मंजुऱ्या आणि हेलपाटे. नवरा लष्करात, आणि त्यांची पुढची बदली जिथे बायकामुलांना नेता येत नाही अशा उंचावरच्या ठिकाणी होणार होती. म्हणजे आम्ही वेगळे राहणार हे नक्कीच होतं. कुठे राहायचं, एवढाच प्रश्न होता. मी कागदाच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला जुन्या छावणीतलं क्वार्टर, दुसऱ्या बाजूला चिखली. चिखलीच्या बाजूला त्याच बोर्डाची शाळा, दवाखाना, बाजार आणि जवळच उंद्रीला सासर, एवढं भरलं. क्वार्टरच्या बाजूला 'ओळखीच्या बायका' यापलीकडे काही सुचेना. आम्ही चिखलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सासूबाई उंद्रीहून आमच्याकडे राहायला आल्या.

तोवर मुलीच्या पाच शाळा झाल्या होत्या. बदलीचा हुकूम आला की माझं काम सुरू व्हायचं. काळ्या ट्रंका पलंगाखालून निघायच्या, प्रत्येकीच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटायची, आणि शेवटच्या ट्रंकेत सगळ्यात वर शाळेची पिशवी जायची. दाखला, गुणपत्रक, लसींचं कार्ड, फोटो, जुना गणवेश. नवीन गावी उतरल्यावर गॅसच्या आधी शाळा, असा माझा क्रम होता. दोन दिवसांत मुलगी वर्गात बसलेली असायची. याचा मला अभिमान होता, आणि तो खोटा होता असं आजही म्हणवत नाही. काम चोख होतं. फक्त ते प्रवेशापाशी संपायचं.

फोनचा नियम मला लग्नानंतर पहिल्याच क्वार्टरमध्ये शेजारच्या भाभींनी शिकवला. पोस्टवरच्या माणसाला घरची वाईट बातमी द्यायची नाही, असं त्या म्हणाल्या. तो तिथून येऊ शकत नाही, फक्त रात्रभर जागा राहू शकतो, आणि जागरण झालेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी बंदूक असते. मला हे पटलं. पुढे मी स्वतः हे किती तरी नव्या नवरींना शिकवलं. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा ती दवाखान्यातून घरी परत आल्यावर मी त्यांना सांगितलं. माझे वडील दुसरबीडला अंथरुणाला खिळले ते सुट्टीवर आल्यावरच त्यांनी पाहिलं. फोन आला की ते विचारायचे, घरी कसं काय, आणि आम्ही म्हणायचो, सगळं ठीक. मग तेही म्हणायचे, इकडेही ठीक. सासूबाईंचंही हेच मत होतं. "त्याले तिकडं कायले जिवाले घोर?" असं त्या म्हणायच्या, आणि फोन हातात घेतला की आवाज एकदम तरुण करून बोलायच्या.

चिखलीतले पहिले महिने मुलीला जडच गेले. तिची मराठी घरातली, तीही निम्मी हिंदी. वर्गातल्या मुली तिला 'फौजी' म्हणायच्या. "ए फौजी, परेड करून दाखव बे," असं कुणी तरी म्हटलं आणि तिने खरंच करून दाखवली, सावधान-विश्रामसकट. त्या दिवसापासून तिला डब्याला सोबत मिळाली. पोळ्यापर्यंत ती 'मले-तुले' बोलायला लागली होती, आणि सासूबाईंशी बोलताना मुद्दाम जास्तच. मला वाटलं, बसली घडी.

दिवाळीच्या आसपास सगळं एकदम आलं. नवऱ्याची सुट्टी रद्द झाली. सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला होता, त्याचं ऑपरेशन बुलढाण्याला करायचं ठरलं. त्याच सुमारास सहामाही परीक्षा झाली. मी दवाखान्याची पिशवी भरता भरता मुलीला निकाल विचारला. ती म्हणाली, सगळ्यात पास, गणितात जरा कमी. किती कमी, तर तिने एक आकडा सांगितला. तो आकडा चांगला नव्हता, वाईटही नव्हता. खोटं बोलणारी पोरगी असती तर जास्त सांगितले असते, असं मनाशी म्हणून मी पुढच्या कामाला लागले. प्रगतिपत्रक या शाळेत वर्षाच्या शेवटीच देतात, असंही तिने सांगितलं. दर शाळेची रीत वेगळी असते, हे मला पाच शाळांनी शिकवलं होतं. मी विश्वास ठेवला.

जानेवारीच्या शेवटी मी शाळेत गेले ते वेगळ्याच कामाला. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळण्यासाठी दरवर्षी मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला युनिटला पाठवावा लागतो. ऑफिसमध्ये शिक्का वाळेपर्यंत बाकावर बसले होते, तेवढ्यात गणिताच्या मॅडम तिथून गेल्या, थांबल्या आणि मागे फिरल्या. मी कोण ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आलात एकदाच्या. मला वाटलं आता वार्षिकनंतरच भेट होणार."

मला काही कळेना. त्यांनी मला रिकाम्या वर्गात नेलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. मुलगी गणितात सहामाहीला नापास होती. त्याआधीच्या दोन्ही चाचण्यांतही. पालकसभेला मी आले नव्हते. वर्गाच्या ग्रुपवर सूचना टाकल्या, वेगळे मेसेज केले, कुणी उत्तर दिलं नाही. वार्षिकला गणितात पास झाली नाही तर एक फेरपरीक्षा मिळते. त्यातही राहिली तर नववी पुन्हा.

मी म्हटलं, "मला एकही मेसेज आला नाही."

त्यांनी मोबाइल काढून नंबर दाखवला. तो नवऱ्याचा होता. प्रवेशअर्जावर पालकाच्या मोबाइलच्या रकान्यात तो मीच लिहिला होता. छावणीत सगळं त्यांच्या नंबरवर चालतं. गॅस, कँटीन, दवाखान्याचं पुस्तक, शाळेची बस. तो नंबर माझ्या बोटांत आहे. माझा स्वतःचा नंबर मला आठवून सांगावा लागतो. आणि तो फोन वरच्या पोस्टवर ट्रंकेत बंद पडलेला असतो. आमच्याशी ते बोलतात ते युनिटच्या फोनवरून, लाइन मिळेल तेव्हा.

मॅडमना मी हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मुलगी मंद नाही, तिचे मधले धडेच राहून गेलेत. त्रिकोण तिला तोंडपाठ आहेत, कारण ते तिला दोन-तीन शाळांत पुन्हा पुन्हा शिकवले गेले. बैजिक राशींचे अवयव पाडायचे म्हटलं की ती पेन खाली ठेवते, कारण ते तिला कुठेच शिकवलेले नाहीत. एका शाळेत तो धडा वर्षाच्या शेवटी होता आणि ती त्याआधीच निघाली. पुढच्या शाळेत तो सुरुवातीलाच होऊन गेला होता. "सातवीपासून धरावं लागेल," त्या म्हणाल्या. मी शिक्का वाळलेला दाखला पर्समध्ये घातला आणि घरी आले.

उंद्रीहून तुरीच्या शेंगा आल्या होत्या. सासूबाई आणि मुलगी समोर परात घेऊन सोलत बसल्या होत्या. मीही बसले. रागवायचं नाही असं रस्त्यात ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर रागवायला लागणारी ताकदही नव्हती. मी नुसतं सांगितलं की मॅडम भेटल्या.

मुलीच्या हातातली शेंग थांबली नाही. ती सोलून दाणे परातीत टाकले, दुसरी घेतली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू विचारलं तेव्हा आजीचा डोळा होता. पप्पांची सुट्टी गेली होती. तू पिशवी भरत होती."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"पप्पा विचारतात तेव्हा तू काय सांगते? सगळं ठीक. डोळ्याच्या वेळी पण ठीक. मग मी पण ठीक सांगितलं." मग पुढे, "तुला टेन्शन नको म्हणून. तू पण तर एकटीच असते ना."

सासूबाई म्हणाल्या, "ऐक आता." कोणाला म्हणाल्या ते मला समजलं नाही.

तिने आमच्या घरातली रीत उचलली होती आणि आमच्यापेक्षा नीट पाळली होती. गुणांचा आकडासुद्धा तिने विचार करून निवडला होता, फार चांगला सांगितला तर पप्पा युनिटमध्ये पेढे वाटतील म्हणून. हे तिने तसंच सांगितलं. सासूबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. मला नाही आलं. मी नववीचाच विचार करत होते. याच दोन वर्षांसाठी आम्ही सगळे इकडे येऊन राहिलो होतो, आणि त्यातलं पहिलंच हातातून चाललं होतं.

आता नवऱ्याला सांगायचं की नाही? सासूबाईंनी एकदम नाही म्हटलं. तो काय तिथून येऊन गणित शिकवणार आहे का, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. दोन दिवस मीही तसंच मानलं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती. मी फोनवर काय बोलते याच्याकडे तिचे कान असणार, हे मला माहीत होतं. आता मी 'ठीक' म्हटलं तर पुढची सगळी वर्षं ती मला 'ठीक'च म्हणणार.

फोन संध्याकाळी आला. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, घरी कसं काय. मी म्हटलं, ठीक नाही. आणि सहामाही, चाचण्या, फेरपरीक्षा, सगळं एका दमात सांगून टाकलं, लाइन जाईल या भीतीने. पलीकडे इतका वेळ शांतता होती की लाइन गेलीच असं वाटलं.

मग ते म्हणाले, "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"खाली राशन घ्याले आलो का फोन चालू करतो. मेसेज सगळे एकदमच पडतात. दिवाळीपासून माहीत आहे."

"मग बोललात काऊन नाही?" माझ्या तोंडून सासूबाईंची भाषा निघाली.

"तू एकटी किती करशीन, म्हटलं. अन् तू सांगत नव्हती, म्हणजे तुले सांगायचं नसन, असं वाटलं. तुह्या नियमात मी कशाले पाय घालू?"

ते पुढे हळूच म्हणाले, "इथं बाकीच्यांचे फोन येतात तर भांडणं ऐकू येतात. पोरगं ऐकत नाही, छत गळते, सासू बोलते. मी नुसता ठीक-ठीक करून फोन ठेवतो. हाताखालची पोरं म्हणतात, साहेबांचं घर म्हणजे स्वर्ग." मग लाइन खरंच गेली.

दिवाळीपासून त्यांना माहीत होतं, मुलीला माहीत होतं, आणि मला तेवढं नव्हतं. ज्या शिक्षिकेशी माझं काही नातं नाही तिलाही माहीत होतं. मला त्या दिवशी कुणाचाच राग आला नाही. फक्त खूप थकल्यासारखं वाटलं, बदलीचं सगळं सामान उतरवून झाल्यावर वाटतं तसं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी आधी नंबर बदलला. मग सातवी-आठवीची पुस्तकं शोधली. एक जोडी खामगाव रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली. शिकवणी लावायची तर सगळे नववीचे वर्ग पुढे गेलेले, तिच्यासाठी मागे यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मीच बसले. माझं गणित दहावीबरोबर सुटलं होतं. सकाळी स्वयंपाक उरकून मी मोबाइलवर धडा बघायची, वहीत सोडवायची, चुकायची, परत बघायची. संध्याकाळी तोच धडा तिच्याबरोबर. बऱ्याचदा तिला माझ्या आधी समजायचं आणि मग ती मला समजावायची. त्यात मला कमीपणा वाटण्याइतका वेळ नव्हता.

सातवीचं पुस्तक तिला नको वाटायचं. मैत्रीण आली की ते उशीखाली जायचं. सासूबाईंनी एकदा ते चित्रांचं पान पाहिलं आणि विचारलं, "काऊन वं, तू नववीत आहे ना? खाली चालली का वर?"

"पाया भरून राह्यली आजी," मुलगी म्हणाली.

"पाया आधी भरतात. भिंती झाल्यावर नाही."

"फौजी लोकांचं उलटंच असते."

फोन आला की ते आता गणिताचंच विचारायचे. शिकवणं त्यांना जमत नव्हतं. अवयव पाडणं मलेही आठवत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं. ते फक्त विचारायचे, आज काय नाही आलं? आधी मुलगी चाचरायची. इतक्या वर्षांत फोनवर तिने त्यांना फक्त आलेल्या गोष्टी सांगितल्या होत्या, चित्रकलेचं बक्षीस, पाठ झालेली कविता. मग सांगायला लागली. ऋण चिन्ह बाहेर काढलं की आतलं बदलतं, ते विसरते. कंसाच्या आधी काही नसलं तर तिथे एक असतो, ते विसरते. पलीकडून ते फक्त हं, हं म्हणायचे. मला हे ऐकवत नसे. एखाद्याचं कमी पडलेलं असं रोज मोजून घ्यायचं, याची माझ्या मनाला सवय नव्हती. मी त्या वेळी भाजी निवडायला उठून जायची.

वार्षिकला ती गणितात राहिली. थोडक्यासाठी राहिली, पण राहिलीच. त्या दिवशी घरात कुणी कुणाची समजूत घातली नाही. सासूबाईंनी दुपारी पोळ्या केल्या, तिने जेवून घेतलं आणि पुस्तक काढलं. फेरपरीक्षा एप्रिलमध्ये होती. कूलरचा आवाज, उघडं पुस्तक आणि बाहेर इतकं ऊन की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. बाकीच्या मुली मामाच्या गावी गेल्या होत्या. तिच्या मामाचाही दुसरबीडहून दोनदा फोन आला, भाचीला पाठव म्हणून. मी त्याला खरं कारण सांगितलं. आता ज्याला त्याला खरं सांगायची माझी सवय होत चालली होती, आणि ती मला फारशी आवडत नव्हती. प्रत्येक वेळी समोरच्याचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. अमक्याच्या मुलाला कसं होतं, तमकीने काय केलं. 'ठीक' म्हटलं की तो सगळा वेळ वाचायचा.

ती पास झाली. काठावर. ते पेपरनंतरच्या आठवड्यात मॅडमनी माझ्या नंबरवर कळवलं. पण निकालापेक्षा मला पेपरच्या दिवशीचा फोन जास्त आठवतो.

पेपर देऊन ती घरी आली, हातपाय धुतले आणि पंख्याखाली पडून राहिली. मी विचारलं नाही. चारच्या सुमारास फोन आला. मी स्पीकर लावून तो तिच्याकडे सरकवला.

"पप्पा, एक प्रश्न सोडला," ती म्हणाली. "एकाचं उत्तर आलं, पण मध्ये कुठे तरी चुकलंय. ते मला दिसत होतं, सापडलं नाही. अवयवांचे सगळे आले असं वाटतं. पास होईन का ते नाही माहीत."

"बरं," ते म्हणाले. "भेव लागलं?"

"लागलं."

"पोटात दुखलं?"

"हाव. सकाळी उलटी पण झाली. मम्मीला नाही सांगितलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मग पलीकडून ते घसा साफ करून, युनिटला रिपोर्ट देतात तशा आवाजात म्हणाले, "माह्या गुडघ्याले सूज आहे. होळीच्या आधीपासून. आता वर चढता येत नाही, डॉक्टरनं खालीच थांबवलं आहे."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांनी फोनवरून स्वतःचं दुखणं सांगितल्याचं मला आठवत नाही. सासूबाईंनी हात पुढे केला आणि फोन ओढून घेतला.

"काऊन रे? होळीपासून, अन् आता सांगतो?"

"सांगितलं ना आई."

"शेकतो का? पाय खाली सोडून बसत जाऊ नको. तेल कोणतं लावतो? आन् खोटं बोलू नको मले."

ते हसले. हसताना त्यांना खोकला आला, आणि सासूबाईंनी लगेच विचारलं की खोकला कधीपासून. तेवढ्यात लाइन गेली.

सासूबाई फोन हातात धरून बसून राहिल्या. मग तो खाटेवर ठेवत म्हणाल्या, "पहिलं बरं होतं बाई. झोप तरी लागे."

मी तो उचलून चार्जिंगला लावला. मुलगी पंख्याखाली तशीच झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून. गुडघ्याचा एक्स-रे काढला का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि पुढचा फोन कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.